कचऱ्याची इर्जिक

माझ्या बहिणीचा नवरा आल्वा डेयो याला जमिनीवर पडलेली काटकी बघवत नसे. चालता चालता वाकायचा, उचलायचा आणि खिशात घालायचा. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला उभा राहिला की त्याच्या चांगल्या कोटाच्या दोन्ही खिशांतून काटक्या डोकावत असायच्या, आणि केझाया त्याला कोपराने ढोसत असायची. घरी आल्यावर त्याच काटक्यांवर चहाचं आधण चढायचं. मी त्या घरात आले केझायाच्या पहिल्या बाळंतपणाला. पुढे तिच्या दोन्ही मुली लग्न होऊन ओहायोला गेल्या तरी मी आपली तिथेच. त्यामुळे आल्वाबद्दल बोलायचा मला जेवढा हक्क आहे तेवढा खुद्द त्यालासुद्धा नसेल.

आमच्या बुशकिल खोऱ्यात माणसाची पारख सरपणाच्या थप्पीवरून व्हायची. बँकेत काय आहे ते कोण बघतं, थप्पी सगळ्यांना दिसते. आल्वाची थप्पी बघायला लोक चर्चमधून येताना वाट वाकडी करायचे. ओळंबा लावून रचल्यासारखी सरळ, साली सगळ्या एका बाजूला. त्याचं रानही तसंच. मेपलच्या झाडांखाली तो शरद ऋतूत खराट्याने पानं काढायचा. खरंच सांगते, खराट्याने.

यामागे कारण होतं, आणि ते मला केझायाने सांगितलं, त्याने कधीच नाही. त्याचा बाप त्याला बैलांच्या बिनचाकी घसरगाडीत घालून या खोऱ्यात घेऊन आला तेव्हा इथे नुसती झाडं होती, भर दुपारी दिवा लावावा अशी. त्याच्या आईला घराच्या दारातून आभाळ दिसायला वर्ष गेलं. ती दारात उभी राहून रडायची आणि छोटा आल्वा बापाने पाडलेल्या झाडांच्या फांद्या ओढून ओढून नेऊन जाळायचा, की आईला अजून थोडं आभाळ दिसावं. तेव्हापासून त्याचे हात थांबलेच नाहीत. पडलेलं झाड म्हणजे राहिलेलं काम, आणि राहिलेलं काम म्हणजे आळस, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

उत्तर आणि दक्षिणेचं युद्ध संपून काही वर्षं झाली होती. उन्हाळ्यात शहरातून चित्रकार यायचे, पांढऱ्या छत्र्या घेऊन. आमच्या डोंगरात त्यांना काय सापडायचं देव जाणे, पण केझायाच्या वरच्या दोन खोल्या त्यामुळे भरलेल्या असायच्या. त्या वर्षी आला ल्यूशस पेनफील्ड. चेहराभर ठिपके, मनगटं कोटाबाहेर आलेली, आणि भूक अशी की सकाळी कुट्टूच्या पिठाची घावनं मेपलच्या पाकात बुडवून खायला बसला की केझायाला तव्यापासून हलता यायचं नाही. आम्हाला तो लगेच आवडला. जेवताना सगळं सांगून टाकायचा. न्यूयॉर्कच्या वसंतातल्या मोठ्या प्रदर्शनाकडून त्याचं चित्र दोनदा परत आलं होतं. त्याच्या भावाचं यूटिकाला बुटांचं दुकान होतं.

"भावाने माझ्यासाठी ॲप्रनसुद्धा शिवून ठेवलाय," तो म्हणाला. "खुंटीला टांगलेला आहे. या खेपेला चित्र लागलं नाही, की मी तो घालायचा. तसं ठरलंय आमचं."

"बुटांचा धंदा काही वाईट नाही," आल्वा म्हणाला.

"नाही, मिस्टर डेयो. वाईट नाहीच," असं म्हणून पोराने मान खाली घातली आणि पुढचं घावन न खाताच उठला. केझायाने आल्वाकडे असं पाहिलं की त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून पेनफील्डला रान दाखवायला नेलं.

मीही गेले, हकलबेऱ्या तोडायच्या होत्या. आल्वाने आधी मेपलची राई दाखवली. अंगणासारखी स्वच्छ, झाडं रांगेत, मध्ये गाडीवाट. पेनफील्ड "छान, छान" म्हणाला आणि चालतच राहिला. ओढा ओलांडून वर गेला, जिथे आल्वाचा हात अजून फिरला नव्हता. तिथे ओढ्यावर एक जुना बर्च आडवा पडला होता, अर्धा कुजलेला, शेवाळाने मढलेला, अंगावर भूछत्रं. आजूबाजूला मोडक्या फांद्या, कुजके बुंधे, पानांचा चिखल. वरून हेमलॉकच्या झाडांच्या फटीतून ऊन येऊन नेमकं त्या बर्चवर पडत होतं. पोरगा तिथेच थांबला आणि डोक्यावरची हॅट काढली.

"तिकडे काही नाही हो," आल्वा घाईघाईने म्हणाला. "तिकडचं काम राहिलंय माझं."

"म्हणूनच तर! मिस्टर डेयो, इथे कुणी हातच लावलेला नाही!"

"तेच म्हणतोय मी. लावणार आहे."

पाहुण्याने बैठकीची खोली सोडून अडगळीच्या खोलीत जाऊन पथारी पसरावी, तसं झालं आल्वाला. पण पाहुणा तो पाहुणा. पेनफील्डने तिथेच छत्री रोवली आणि रोज सकाळी जाऊन बसायला लागला.

या चित्रकारांच्या मंडळींनी म्हणे एक शपथ घेतली होती. निसर्गाने जे जसं ठेवलंय ते तसंच काढायचं. डोळ्यांसमोर नाही ते काढायचं नाही, आणि आपल्या सोयीने एक पानही हलवायचं नाही. शहरात बसून मनाने झाडं रचणाऱ्या चित्रकारांची त्यांना चीड होती. त्यामुळे तो एकेक फांदी, एकेक साल बघून बघून काढायचा. आधी मागची झाडं, मग हेमलॉकमधला उजेड, मग ओढ्याचे दगड. बर्च शेवटी. तो चित्राचा जीव होता, म्हणून त्याने मागे ठेवला होता.

आता बॅरेंट ओस्टरहाउटबद्दल सांगायला हवं. ओढ्याच्या खालच्या अंगाला त्याची लाकूड चिरायची गिरणी होती. आल्वाच्या थप्पीला थप्पीने उत्तर देणारा खोऱ्यात तो एकटाच. दोघं लहानपणापासूनचे दोस्त, म्हणजे एकमेकांना सुखाने जगू न देणारे. एका रविवारी त्याने आल्वाला चर्चच्या पायरीवरच गाठलं.

"काय रे आल्वा, तुझ्या रानाचं चित्र न्यूयॉर्कात टांगणार म्हणे?"

"टांगतील. त्यात काय?"

"काही नाही. पोराने मला सांगितलं ना. कुजकं झाड, मोडक्या फांद्या, सगळं हुबेहूब येणार. खाली नाव लिहिणार आहे, 'डेयोचं रान'. अख्खं शहर बघेल. म्हणतील, कोण हा डेयो? बिचाऱ्याला कुऱ्हाड परवडत नाही की काय?"

त्या दिवशी आल्वा जेवताना बोलला नाही. खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण आल्वाचं न बोलणं म्हणजे आमच्या घरात सुट्टीच असायची.

पुढच्या आठवड्यात पेनफील्डचा हिरवा रंग संपला. न्यूयॉर्कहून बोटीने येणारं पुडकं आणायला तो घोडागाडीने नदीकाठच्या धक्क्यावर गेला. बोट उशिरा आली आणि तो तिकडेच अडकला. इकडे आल्वा बैल आणि कुऱ्हाड घेऊन रोज पहाटे निघायचा. कुऱ्हाडीचा आवाज आमच्याकडे काही नवलाचा नाही. पण एके दुपारी ओढ्याच्या वरच्या अंगाला धूर दिसला. मी लोणी घुसळत होते, ते तसंच टाकून वर गेले.

तिथे काही नव्हतं. म्हणजे ओढा होता, दगड होते, उभी झाडं होती. बाकी सगळं लख्ख. बर्च नाही, बुंधे नाहीत, फांद्या नाहीत. पानंसुद्धा झाडून एका कडेला लावलेली. कचरा जळत होता आणि आल्वा घाम पुसत उभा होता, तोंडभर हसू.

"बघ हिटी! आता कसं माणसाचं रान वाटतंय."

"आल्वा," मी म्हटलं, "तो पोरगा ते झाड काढत होता ना?"

"हो ना. आता त्याला कुजकं झाड काढावं लागणार नाही. दोनदा चित्र परत का आलं असेल सांग? असलं काहीतरी काढत असणार. कुणाला बघावंसं वाटेल? मी त्याला सांगून बघितलं, पण शहरातला पोरगा, लाजला असेल. म्हटलं, आपणच करून टाकावं. खूश होईल बघ."

आल्वाच्या तोंडाकडे बघून मला रागवतासुद्धा येईना. शहरात आपलं नाव खराब होऊ नये हे होतंच त्याच्या मनात, पण त्या पोराचं भलं व्हावं हेही तितकंच होतं. तीन दिवस राबला होता तो, त्याच्यासाठी.

पेनफील्ड शनिवारी परतला. आल्वाला धीर नव्हता. चहाही पिऊ न देता त्याला वर घेऊन गेला. मुलीच्या बापाने नवऱ्या मुलाला अंगठी दाखवायला न्यावं तसा पुढे पुढे चालत होता. मी मागून गेले, कारण कुणीतरी जायला हवं होतं.

पोरगा ओढ्यापर्यंत जाऊन वळला. मग म्हणाला, "कुठे गेला?"

"बर्च ना? थप्पीत आहे. तुमच्या खोलीतल्या शेगडीसाठी वेगळा ठेवलाय. पेटायला बर्चसारखं लाकूड नाही."

पेनफील्ड हसायला लागला. दगडावर बसला आणि हसत राहिला. मग ते हसू कधी बदललं ते कळलं नाही, त्याने हातांनी तोंड झाकून घेतलं. आल्वा माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे बघायला लागले.

घरी आल्यावर पेनफील्डने आपणहून चित्र खाली आणून स्वयंपाकघरात खुर्चीवर ठेवलं. "मिस्टर डेयो, तुम्ही माझ्या भल्यासाठीच केलंत, मला माहीत आहे," तो म्हणाला. "फक्त एकदा बघा."

आम्ही बघितलं. झाडं होती, पाणी होतं, हेमलॉकमधून खाली येणारा उजेड तर असा की मी हात पुढे करणार होते. आणि मधोमध पांढरं कोरं कापड, आडव्या पडलेल्या झाडाच्या आकाराचं. सगळा उजेड त्या कोऱ्या जागेवर येऊन पडला होता.

आल्वाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आठवणीने नाही काढता येणार?" त्याने विचारलं.

"शपथ आहे."

"दुसरीकडचं झाड बघून इथे काढलं तर?"

"ते खोटं होईल. प्रकाश वेगळा, जागा वेगळी. आणि पानं लाल-पिवळी व्हायला फार दिवस नाहीत. मंगळवारच्या गाडीने जातो मी. यूटिकाला."

शपथा घ्यायला या लोकांना दुसरं काही सुचलं नाही का, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पोराचा चेहरा बघून गिळलं. आल्वाने ताट बाजूला सारलं. डुकराचं खारवलेलं मांस आणि घेवडा त्याने ताटात सोडलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

केझाया खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. माझी बहीण फार कमी बोलायची. बोलायचं म्हटलं की हातातलं काम न थांबवता बोलायची.

"तिथलं झाड गेलं ना," ती म्हणाली, "मग तिथे दुसरं नेऊन टाका."

"काय?" आल्वा म्हणाला.

"टीचाउट बाईंच्या दलदलीत एक पडलंय. असंच, शेवाळवालं. त्यांचा नवरा वारल्यापासून तिथे कुणी फिरकलेलं नाही."

"अगं, ते जुनं कुजकं लाकूड. साखळी लावली तर शेवाळ निघून जाईल. उचलूनच आणावं लागेल. दहाबारा माणसं लागतील. आणि नुसतं झाड नाही, फांद्या, बुंधे, पानं... सगळं खोरं लागेल त्याला."

"मग इर्जिक घाला," केझाया म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली.

आमच्याकडे कोठार उभारायचं असो की कणसं सोलायची असोत, घरधनी रविवारी प्रार्थना झाल्यावर उठून सांगतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव बैल, हत्यारं घेऊन हजर होतं. घरधन्याने फक्त पोटभर जेवायला घालायचं. आल्वा सगळ्यांच्या इर्जिकीला जायचा. स्वतः त्याने कधीच घातली नव्हती. माझं काम मी करतो, ही त्याची घमेंड होती. आता उठायचं, आणि तेही कशासाठी?

त्या रात्री तो झोपला नसावा. सकाळी त्याच्या कोटाच्या खिशात काटक्या नव्हत्या.

प्रार्थना संपली. पाद्रीबुवांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. आल्वा उठला. हातातली हॅट गोल गोल फिरवायला लागला.

"मला उद्या इर्जिक घालायची आहे," तो म्हणाला. "माझ्या रानात. ओढ्याच्या वर."

लोकांनी माना वळवल्या. आल्वा डेयोला मदत हवीय, ही बातमीच होती.

"साफ करायचंय का, आल्वाकाका?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही." त्याने हॅट फिरवायची थांबवली. "मळवायचंय."

मग बॅरेंट ओस्टरहाउट कानाला हात लावून म्हणाला, "नीट ऐकू आलं नाही, आल्वा. काय करायचंय?"

"मळवायचंय! मी ते साफ केलं आणि त्या पोराचं चित्र नासवलं. त्याला कुजकं झाड हवंय, मोडक्या फांद्या हव्यात, पानं हवीत. माझ्याकडे नाहीत. तुमच्याकडे आहेत. माझ्याकडे नाहीत, कारण मी..." इथे तो थांबला. "मूर्ख आहे, आणि काय. ज्याच्या रानात जो काही कचरा असेल तो मला आणून द्या. त्याचं चित्र पुरं झालं पाहिजे. तो मंगळवारी जातोय."

देवाच्या घरात एवढं हसलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पाद्रीबुवांनी तोंडासमोर बायबल धरलं होतं आणि ते बायबल हलत होतं. आल्वा तसाच उभा राहिला, कान लालबुंद, पण बसला नाही. हसणं ओसरेपर्यंत उभा राहिला. केझायाने खालून त्याच्या कोटाचं टोक धरून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर मलाच रडू फुटत होतं.

"माझे बैल तुझे," शेवटी डोळे पुसत बॅरेंट म्हणाला. "गिरणीची माणसंही. पण एक अट. ही गोष्ट मी मरेपर्यंत सांगणार, आणि तू मध्ये बोलायचं नाहीस."

"कबूल," आल्वा म्हणाला आणि बसला.

सोमवारी सकाळी आमच्या अंगणातून आयुष्यात न बघितलेली मिरवणूक निघाली. कुणी हातगाडीत कुजके बुंधे घालून आणले होते, कुणी पाठीवर काटेरी झुडपं. बायांनी दुधाच्या परातींत शेवाळ आणलं होतं, ओलं राहावं म्हणून वर फडकी घालून. पाद्रीबुवा एक पोकळ ओंडका बगलेत मारून आले. टीचाउट बाईंच्या दलदलीतून बर्च आणला तो कसा? तर केझायाच्या चांगल्या गोधड्यांमध्ये गुंडाळून, बारा माणसांच्या खांद्यांवरून घसरगाडीत आणि तिथून बैलांनी. ज्या गोधड्या पाहुण्यांनासुद्धा मिळायच्या नाहीत त्या कुजक्या लाकडाला मिळाल्या. टीचाउट बाई पूर्ण वाट गाडीबरोबर चालल्या, "सांभाळून, सांभाळून" करत, जसा काही त्यांचा नवराच नेत होते.

अडचण निघाली ती पेनफील्डकडून. तो ओढ्याशी उभा होता, चेहरा पांढराफटक.

"मला फार भरून आलंय," तो म्हणाला, "पण हे मी नाही काढू शकत. हे रचलेलं आहे. निसर्गाने ठेवलेलं नाही."

आता माझा तोल गेला. "वाऱ्याने पाडलं तर चालतं, आणि ओस्टरहाउटच्या बैलांनी पाडलं तर चालत नाही? बैल काय स्वर्गातून आले? हा माणूस काल सगळ्या गावासमोर स्वतःला मूर्ख म्हणाला, पेनफील्ड. त्याने तेवढं केलं, आता तुम्ही निदान पाठ फिरवून बसा. बघू नका, सांगू नका. आम्ही काय करतो ते आमचं. मग वळून बघा आणि पटलं तर काढा."

पोरगा खरंच दगडावर पाठ करून बसला आणि डोळ्यांवर हात ठेवले. आणि सुरू झालं भांडण. दोन पिढ्या ज्यांच्या घराण्यांनी रान काढण्याखेरीज काही केलं नव्हतं, ती माणसं रान घालायला निघाली होती. बुंधा इथे नको, तिथे हवा. पानं पसरायची की फेकायची? आणि आल्वा! त्याने बर्च नेमका ओढ्याला समांतर, सरळ रेषेत ठेवायला लावला, दोन्ही टोकांना दगडांचे टेकू लावून.

"झाड असं पडतं का रे, गुण्यागोविंदाने?" टीचाउट बाई ओरडल्या. "काय बाक ठेवतोयस का बसायला? फिरव ते!"

"फिरवतो, ओरडू नका. बॅरेंट, तुझी बाजू सोड जरा."

बॅरेंटने सोडली. जरा नाही, पूर्णच. गोधडी निसटली, बर्च उतारावर घरंगळला, माणसं दोन्हीकडे उड्या मारून पळाली आणि ते झाड धाडकन ओढ्यावर आडवं आपटलं. मधोमध कडाडून मोडलं. एक तुकडा या काठावर, दुसऱ्याचं टोक पाण्यात, मोडीतून लाल कुजकं लाकूड उघडं पडलं आणि त्यावर वरून ऊन आलं.

आल्वा दोन्ही हातांनी डोकं धरून उभा होता.

आवाजाने पेनफील्ड वळला होता. तो उठला, पाण्यात पाय घालूनच पुढे आला, हॅट काढली.

"हे कुणी असं ठेवलं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही," बॅरेंट म्हणाला. "आपलं आपण पडलं."

"मग कुणी हात लावू नका," तो पोरगा म्हणाला. "कुणीही. कृपा करून."

माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी ओढ्याकाठी आम्ही घेवडा, मक्याची भाकरी आणि हकलबेरीची पाई वाढली. सफरचंदाच्या रसाचं पिंप सगळं रिकामं झालं. गाव त्या कुजक्या झाडाकडे बघत जेवलं. एरवी त्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. आता म्हणत होते, काही म्हण, त्या तांबूस रंगात काहीतरी आहे.

पेनफील्ड मंगळवारच्या गाडीने गेला नाही. पानं रंगेपर्यंत राहिला. आल्वा रोज त्याच्या मागे जाऊन बसायचा. एखादी फांदी खाली पडली की त्याचे हात शिवशिवायचे. मग तो हात मांड्यांखाली घेऊन त्यांच्यावरच बसायचा. पेनफील्डने त्याला कधी चल म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. दोघं चांगले राहिले एकमेकांच्या सोबतीला. संध्याकाळी परत येताना आल्वा मला सांगायचा, "आज मोडीवरचं शेवाळ झालं," जसा काही गाय व्याल्याची बातमी देत होता.

वसंतात पेनफील्डचा निरोप आला. चित्र लागलं होतं. आम्हाला बोलावलं होतं. केझाया म्हणाली, रान दारात आहे, ते बघायला मी न्यूयॉर्कला कशाला जाऊ, आणि शिवाय गाय व्यायची आहे. म्हणून आल्वा आणि मी गेलो. बॅरेंटची तोवर ती गोष्ट खोऱ्यात सगळ्यांना सांगून झाली होती, बोटीवर ती आल्वाने सांगायला सुरुवात केली. कप्तानाला, भटारखान्यातल्या माणसाला, एका मिशनऱ्याला. बैल, गोधड्या, शेवाळाच्या पराती. त्याला आता त्या गोष्टीची मजा यायला लागली होती, आणि दर वेळी बर्च जरा मोठा होत होता.

पण प्रदर्शनाच्या दारात त्याचं बोलणं बंद झालं. भिंती छतापर्यंत चौकटींनी भरलेल्या, बायकांचे रेशमी झगे, गॅसचे दिवे. आमचं चित्र कोपऱ्यात, पण डोळ्यांच्या उंचीवर. खाली लिहिलं होतं, 'डेयोचं रान'. पेनफील्ड बाजूला उभा होता, नवा कोट आणि मनगटं तशीच बाहेर. त्याने आल्वाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडेचना.

आल्वा चित्रासमोर गेला आणि हॅट छातीशी धरून एका कडेला उभा राहिला. लोक येत होते, बघत होते, जात होते.

"अजून कुणी विचारलं नाही," तो माझ्या कानात म्हणाला.

"काय विचारायचंय?"

"कोणाचं रान म्हणून. इतका पसारा पडलेलं." बॅरेंटचं ते चर्चच्या पायरीवरचं बोलणं अजून त्याच्या मनातून गेलं नव्हतं. एवढं सगळं होऊनही. मला त्याची कीव आली आणि हसूही आलं.

तेवढ्यात काळ्या कपड्यांतली एक बाई आली. आमच्याच वयाची असेल. समोरच्या बाकावर बसली ती उठेचना. माणसं मध्ये आली तरी ती तशीच बघत राहिली. बऱ्याच वेळाने तिने आमच्याकडे बघितलं. आमचे डोंगरातले बूट आणि आल्वाची ती हॅट बघून तिला काय वाटलं कोण जाणे.

"हे कोणाचं रान, माहीत आहे का तुम्हाला?" तिने विचारलं.

आल्वाने हॅट छातीशी घट्ट धरली. मी बघत होते.

"माझा मुलगा रानातच गेला," ती म्हणाली. "व्हर्जिनियात, युद्धात. झाडांमध्ये. सापडला नाही आम्हाला. मला इतकी वर्षं वाटायचं की ती जागा फार भयाण असेल." ती पुन्हा चित्राकडे वळली. "पण पडलेल्या झाडालाही असं ऊन मिळतं. कुणी त्याला हलवलं नाही ना तिथून. पडलं तिथेच राहू दिलं. बरं केलं ज्याने केलं त्याने."

मी आल्वाचा दंड धरला. त्याने तोंड उघडलं होतं. आता बैल येणार, मला वाटलं, आता गोधड्या येणार, बारा माणसं आणि शेवाळाच्या पराती. बोटीवरच्या भटाऱ्यालासुद्धा ज्याने सोडलं नव्हतं, तो हिला कसा सोडेल. मी त्याला चिमटा काढायच्या बेतात होते.

"माझं आहे, बाई," आल्वा म्हणाला. "माझंच रान ते."

आणि थांबला. मग म्हणाला, "या कधीतरी. जूनमध्ये चांगलं असतं. माझी बायको तुम्हाला घावनं करून घालेल."

ती हसली आणि मान हलवली. आल्वा तिच्या शेजारी बाकावर बसला, हॅट मांडीवर ठेवून, आणि दोघं चित्राकडे बघत राहिले. मी त्या माणसाला आयुष्यभर किती नावं ठेवली असतील. त्या दिवशी मात्र तो उठेपर्यंत मी त्याच्यामागे उभी राहिले, आणि एकदाही घाई केली नाही.